‘एवढंसं तं काम हाय’, पण ते कोणाच्या खात्यावर?

पत्र (थोडक्यात):

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. वय २७. सव्वातीनशे सभासद. ६० बाय ४० फुटांचं गोदाम आणि सोयाबीन, तूर, हरभरा साफ करून प्रतवारी करणारं यंत्र असा प्रकल्प. काही अनुदान, काही बँकेचं कर्ज, बाकी भागभांडवल. काम मेअखेर व्हायचं होतं, आता जुलै अर्धा सरला. संचालक सगळे गावचेच. कोणी काकाजी, कोणी मामाजी. साइटवर आले की म्हणतात, “बाई, आता करूनच राहिलो तं हे बी करून टाका न. एवढंसं तं काम हाय.” मी हो म्हणत गेले. आता ठेकेदाराने ५ लाख ८० हजारांचं जादा बिल दिलं, तर तेच संचालक विचारतात, “आमी कवा सांगतलं?” उलट नकाशात होती ती कामं राहिली आहेत. झरोके नाहीत. ओट्याचा उतार आतल्या बाजूला गेलाय, पाणी शटरखालून गोदामात येतं. यंत्र ताशी २ टनांचं म्हणून घेतलं, सोयाबीनवर सव्वा टनाच्या वर जात नाही. ठेकेदार म्हणतो, तुम्हीच बदल केले, आता तक्रार कसली? अध्यक्ष काकाजींना शटर आणखी उंच हवंय म्हणजे ट्रक आत जाईल, आणि एका संचालकांना याच गोदामात दालमिल हवी आहे. मोठ्या माणसांना नाही कसं म्हणू? बिल देऊ की नको? रात्री झोप लागत नाही.

*

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत पाठवलेली बिलाची यादी समोर घेऊन बसले. सात ओळी आहेत. पायाची जादा खोदाई १ लाख ५ हजार, कार्यालयाची खोली २ लाख १० हजार, शटर रुंद करणं ४५ हजार, शौचालय ९० हजार, वजनकाट्याचा चौथरा ६० हजार, झरोके ३० हजार, ओट्याचा उतार दुरुस्त करणं ४० हजार. बेरीज बरोबर आहे. पण या सात ओळी एकाच वाणाच्या नाहीत. ठेकेदाराने त्या ‘जादा काम’ या एका मथळ्याखाली मांडल्या आणि तुम्हीही तशाच वाचल्या. तुमचं यंत्र सोयाबीनचं जे करणार आहे, ते आधी या कागदाचं करू.

पहिला ढीग झरोके आणि ओटा यांचा. त्याच्यापासून सुरू करते, कारण तिथे शंकेला जागाच नाही. दोन्ही गोष्टी नकाशात होत्या. झरोके किती, कुठे, केवढे हे लिहिलेलं होतं. ओट्याचा उतार बाहेर असावा हेही लिहिलेलं होतं. म्हणजे तुम्ही काही नवीन मागितलेलं नाही; ठरलेलं काम झालेलं नाही. ही अपुरी राहिलेली गरज आहे, हा बदल नाही, आणि तिच्यासाठी वेगळा रुपयाही द्यायचा नसतो. बिलातले ते ७० हजार आजच बाजूला काढा. ठेकेदाराला पत्र द्या. त्यात नकाशाचा क्रमांक, तारीख, काय असायला हवं होतं, जागेवर काय आहे आणि किती दिवसांत हवं, एवढंच असू द्या. रागाचा एक शब्दही नको. सोबत ओट्यावर पाण्याची बादली ओतलेला व्हिडिओ जोडा. पाणी कुठे धावतं ते दिसलं की वाद उरत नाही.

झरोक्यांचं काम ‘नंतर पाहू’ म्हणून सोडू नका, हे मात्र जोर देऊन सांगते. धान्य पोत्यात गेलं तरी श्वास घेत असतं. सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला आणि हवा खेळती नसली, की थप्पी आतून गरम होते, बुरशी धरते. त्यातलं काही बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर उगवण जाते. कोणाच्या तरी घरचं बियाणं त्या थप्पीत असणार आहे.

दुसरा ढीग खोली, शौचालय, चौथरा आणि शटर यांचा. हे खरे बदल. करारात नव्हते, मागाहून मागितले, त्याने करून दिले. शटर तर लिंटल, म्हणजे दारावरची काँक्रीटची आडवी तुळई, झाल्यावर दोन फूट रुंद करायला सांगितलं, म्हणजे त्याने झालेलं काम फोडून पुन्हा केलं. हे चार लाख पाच हजार नाकारता येणार नाहीत, मग संचालकांची आठवण काहीही सांगो. तोंडी सांगितलं म्हणून देणं लागत नाही, असं कोणी पानठेल्यावर सांगत असेल तर ऐकू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधलं कलम ७० सांगतं की, एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केलं, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्या कामाचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. तुमची मासिक सभा त्याच खोलीत भरते, असं तुम्हीच लिहिलंय.

देणं लागतं म्हणजे तो म्हणेल तेवढं लागतं, असं मात्र नाही. त्याला सोबत घ्या, गावातला एखादा जाणता मिस्त्री घ्या, टेप लावून चारही कामं मोजा, मोजमापावर दोघांच्या सह्या करा. जी बाब मूळ करारात आहे तिला करारातलाच दर. वीटकाम, प्लास्टर, स्लॅब यांचा दर जादा कामात अचानक वाढायचं कारण नाही. जी बाब करारात नाही तिच्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची पाहा. अंदाजपत्रक करणाऱ्या कोणत्याही अभियंत्याकडे ती असते. तिसऱ्याचा कागद मध्ये आला की दोघांनाही उतरतं घेणं सोपं जातं. दरात जीएसटी धरलाय की वर लागणार आहे, तेही तिथेच विचारून घ्या. हा प्रश्न शेवटच्या बिलापर्यंत लांबला की पुन्हा भांडण होतं.

पायाचं काम तिसऱ्या ढिगात. नकाशात पाच फूट धरलं होतं, खोदल्यावर सात फुटांपर्यंत काळी मातीच निघाली, म्हणून तो मुरूम लागेपर्यंत खाली गेला. हे कोणी मागितलं नाही आणि कोणी चुकवलंही नाही; जमिनीने दाखवलं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच ठेवला असता तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा गेल्या असत्या. त्याने योग्य केलं, पैसे त्याचे आहेत. खड्ड्यात टेप धरलेला फोटो तुमच्या मोबाईलमध्ये आहे, हे वाचून बरं वाटलं, कारण जे काँक्रीटखाली गेलं ते पुन्हा मोजता येत नाही. तो फोटो आजच कार्यालयातल्या संगणकात ठेवा आणि छापून त्यावर सह्या घ्या. पुढच्या वेळी करार करतानाच ‘मुरूम लागेपर्यंत, पाच फुटांच्या खाली प्रति घनमीटर अमुक दर’ असं लिहून ठेवा. काळ्या मातीत ही गोष्ट अनपेक्षित म्हणण्यासारखी नाही.

चौथा ढीग यंत्राचा, आणि तिथे जरा थांबायला हवं.

तुमच्या खरेदी आदेशात लिहिलंय, ‘क्षमता ताशी २ टन’. पुरवठादार म्हणतो, गव्हावर देतेच की. तो खोटं बोलत नसेल. या यंत्रांची क्षमता बहुधा गव्हावरच सांगतात. थ्रेशरमधून आलेलं काडी-कचऱ्याचं सोयाबीन चाळणीवरून तसं वाहत नाही, थोडं ओलसर असलं तर आणखी अडतं. आता फाइल उघडा आणि तुम्ही पाठवलेलं दर मागवण्याचं पत्र काढा. त्यात ‘सोयाबीन, तूर व हरभऱ्यासाठी’ असे शब्द असतील, तर गरज लिहिलेली होती आणि ती अपुरी राहिली. मग हा पहिला ढीग, आणि दुरुस्ती पुरवठादाराच्या खर्चाने. ते शब्द नसतील, तर गरज आपल्या डोक्यात होती, कागदावर उतरली नाही. ही चूक आपली. हे संचालक मंडळासमोर स्पष्ट सांगा. चूक आपल्या बाजूची असताना पुरवठादाराशी तावातावाने भांडलात, तर तो उद्या चाळणी बदलून द्यायलाही यायचा नाही.

गरज कागदावर असणं आणि ती पूर्ण झाली की नाही हे कोणीतरी तपासणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या नासा संस्थेचं मंगळाकडे गेलेलं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या एका संगणक प्रणालीने आकडे न्यूटन-सेकंद या मेट्रिक मापात द्यायचे असं लेखी ठरलेलं होतं. ती देत होती पौंड-सेकंद या जुन्या इंग्रजी मापात. एक पौंड-बल म्हणजे साधारण ४.४५ न्यूटन, तेवढ्या पटीची चूक महिनोन्महिने साचत गेली. गरज लिहिलेली होती, पण हाती आलेला आकडा त्या कागदाशी ताडून कोणी पाहिला नाही. आपल्याकडे मिस्त्री फुटात बोलतो, नकाशा मीटरमध्ये असतो, कास्तकार पोत्यात मोजतो आणि पुरवठादार टनात. तुमच्या गोदामात चार मापं एकत्र नांदत आहेत, म्हणून ही गोष्ट सांगितली.

पण यंत्राबद्दल एक प्रश्न आधी स्वतःला विचारा. २ टन हा आकडा आला कुठून? तुम्ही लिहिता की हंगामात साधारण ४०० टन माल येईल. आठ तासांच्या पाळीत ताशी सव्वा टन म्हणजे दिवसाला १० टन, म्हणजे ४० दिवस. ताशी २ टनाने २५ दिवस. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास सुरू होतं, तूर जानेवारीत येते, हरभरा त्यानंतर. सगळा माल एका महिन्यात येणार नसेल, तर सव्वा टनातही गाडं निभू शकतं. मग यंत्र परत करण्याचा हट्ट सोडून सोयाबीनच्या चाळण्यांचा वेगळा संच आणि किमतीत सूट मागणं शहाणपणाचं. पण अर्ध्याहून जास्त माल दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत येणार असेल, तर दाराशी ट्रॅक्टरची रांग लागेल आणि सभासद पुन्हा व्यापाऱ्याकडे वळतील. तेव्हा मात्र तडजोड करू नका. गेल्या दोन वर्षांच्या आवकीच्या वहीत याचं उत्तर आहे, आणि ते पुरवठादाराला बोलावण्याआधी तुमच्याकडे असायला हवं.

आता संचालकांकडे वळते. तुमची झोप खरं तर तिथे अडली आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा तुमच्याहून लहान होते. वर्धा जिल्ह्यात एका शाळेच्या दोन खोल्यांचं काम माझ्याकडे होतं. गावची मंडळी म्हणाली, “बाई, व्हरांडा दोन फूट वाढवा, पोरं जेवायला बसतीन.” मागणी इतकी रास्त होती की मी ठेकेदाराला तिथल्या तिथे म्हटलं, करा, मी पाहते. माप पुस्तिकेत ते लिहिलं नाही, मंजुरीही घेतली नाही. तो लहान ठेकेदार होता, सिमेंट उसनवारीवर आणलेलं. पुस्तिकेत नसलेल्या कामाचे पैसे निघेनात. दीड वर्ष मी टेबलं पालथी घातली, तेव्हा खर्चाहून कमी रक्कम मिळाली. तो मला एक शब्द बोलला नाही. पुढे मात्र माझ्या एकाही कामाला त्याने निविदा भरली नाही. व्हरांडा अजून आहे, मुलं तिथे बसतात. माझा होकार चुकीचा नव्हता. तो द्यायचा अधिकार माझ्या एकटीचा नव्हता, आणि त्याची किंमत मी त्या माणसाच्या खिशातून भरली.

म्हणून ‘नाही’ म्हणायला शिका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. काकाजींना तुम्ही नाही म्हणू शकणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. साइटवर ‘हो’ आणि ‘नाही’ हे दोन्ही शब्द बंद करा. त्यांच्याऐवजी एवढंच म्हणा: “काकाजी, लिहून घेते. किती पैसे, किती दिवस लागतात ते काढून सोमवारच्या बैठकीत मांडते. तुम्ही येजा.” आणि त्यांच्यासमोर वहीत लिहा. लिहिलेलं पाहिलं की माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं. अर्ध्या वेळा त्याला तेवढंच हवं असतं.

वहीत प्रत्येक मागणीला एक पान द्या. काय हवंय, कोणी कधी सांगितलं, कशासाठी हवंय, पैसे किती लागतील, दिवस किती वाढतील, त्यामुळे दुसरं कोणतं काम अडेल, आणि शेवटी मंडळाने काय ठरवलं त्याची तारीख व सह्या. पैशांचा आकडा ठेकेदाराकडून लेखी घ्या, काम सुरू होण्याआधी. सभेत ठराव झाला की त्याची प्रत ठेकेदाराला. प्रत मिळाल्याशिवाय त्याने फावडं उचलायचं नाही, असं त्यालाही पत्राने कळवा. त्याला ते आवडेल, कारण आज त्याचे पाच लाख दहा हजार ज्या कारणाने अडकलेत ते कारणच नाहीसं होतं. लहानसहान गोष्टींसाठी दर वेळी मंडळ बोलावणं जमणार नाही, तेव्हा एक मर्यादा ठरावाने मागून घ्या, समजा १० हजार रुपये, तेवढ्यापर्यंत निर्णय तुमचा. पण लिहायचं त्यातलंही सगळं.

पहिल्या सोमवारी जुने चार बदल मांडा. कोणी सांगितलं याची उलटतपासणी करू नका. “आमी कवा सांगतलं?” असं विचारणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी त्याने एक सूचना केली होती. तिला किंमत आहे हे त्याला कोणी तेव्हा सांगितलं नव्हतं. “भाऊ, खोली आपण सगळे वापरतो. मोजणी झाली, रक्कम ही आहे, आज मंजूर करू,” इतकंच म्हणा. आणि त्या होकारात तुमचा वाटा होता हे आधी तुम्हीच बोला. मग समोरच्याला स्वतःचा वाटा कबूल करणं जड जात नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. तुमच्या प्रकल्पाला अनुदान आहे. मंजूर प्रकल्प अहवालात खोली, शौचालय आणि चौथरा आहेत का ते पाहा. मोका तपासणीला येणारे अधिकारी मंजूर नकाशा हातात घेऊन मोजतात. त्याबाहेरचं काम कितीही चांगलं झालं असलं तरी ते अनुदानात धरलं जाईल असं गृहीत धरू नका. मंजुरी पत्रातल्या अटी आज रात्रीच वाचा. बदलासाठी पूर्वसंमती लागते असं त्यात असेल, तर झालेल्या बदलांचं पत्र तपासणीच्या आधी स्वतःहून द्या. तपासणीत उघड होण्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही बरं. हे चार बदल बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या पैशांतूनच भागवावे लागतील, आणि बैठकीत ते लपवू नका.

अध्यक्ष काकाजींचं शटर घ्या. मागणी आली की तिच्या मागची गरज विचारायची. अडवायला म्हणून नाही, आपुलकीने. ट्रक आत कशाला न्यायचाय? तुम्ही विचारलं नाही, पण मी अंदाज करते: गेल्या हंगामात कोणाचा तरी माल भरताना अवकाळी पाऊस आला असेल. म्हणजे गरज अशी की माल चढवताना-उतरवताना भिजू नये. आता नकाशा पाहा. रस्त्याने माल येणाऱ्या गोदामाचं जोतं साधारण ८० सेंटिमीटर उंच ठेवतात, म्हणजे ट्रक पाठीमागून ओट्याला लागतो आणि हमाल पोतं सरळ आत नेतात. तुमचंही जोतं तेवढंच आहे. शटर कितीही उंच केलं तरी ट्रक त्या जोत्यावर चढणार नाही! लिंटल दुसऱ्यांदा फोडून मंडळाच्या हाती काहीच लागणार नाही. ओट्यावर पुढे आलेली टिनाची शेड टाकली तर ट्रकचा मागचा भाग छताखाली येतो, माल कोरडा राहतो, भिंतीला हातही लागत नाही. ओट्याचा उतार ठेकेदार दुरुस्त करणारच आहे, तेव्हाच खांबांचे खड्डे घेता येतील. त्याचा अंदाज मागवा आणि सोमवारी काकाजींच्याच तोंडून मांडू द्या. कल्पना त्यांच्याच काळजीतून आलेली आहे.

दालमिलची गोष्ट वेगळी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल विदर्भात गावोगावी पोचली आहे, आणि तूर पिकवणाऱ्या गावाने डाळ विकावी ही इच्छा अगदी खरी आहे. पण डाळ करायची म्हणजे तुरीला तेल-पाणी लावून मुरवायची, उन्हात वाळवायची, त्यासाठी अंगण हवं, विजेचा भार वाढवून घ्यायचा, आणि भुश्श्याची धूळ धान्याच्या गोदामात नको म्हणून वेगळी शेड. याला बदल म्हणत नाहीत, हा दुसरा प्रकल्प आहे. तो या प्रकल्पाच्या पोटात घुसवला की दोन्ही अर्धे राहतात. संगणक प्रणाली बनवणारे लोक कामाच्या याद्या चार भागांत करतात: हवंच, हवं, असलं तर बरं, आणि या खेपेला नाही. ओरॅकल कंपनीतल्या डाय क्लेग यांनी १९९४ साली ही चौकट मांडली. त्यातला चौथा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘या खेपेला नाही’ असं लिहून ठेवलेली गोष्ट हरवत नाही आणि तिचा अपमानही होत नाही. दालमिल तिथे लिहा, त्या संचालकांचं नाव घालून, आणि पुढच्या वार्षिक सभेत पहिला विषय म्हणून घ्या.

कामाची व्याप्ती हळूहळू वाढत गेली तर काय होतं, हे आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा; सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. त्यात भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे, महागाई आहे, वाढलेली कामं आहेत. एकाच कारणावर बोट ठेवणं अन्यायाचं होईल. पण भंडारा जिल्ह्यातल्या ज्या शेतकऱ्याने ती पायाभरणी तरुणपणी पाहिली, तो आज म्हातारा झाला. तुमच्या गोदामाला तेवढा काळ नाही, दोन-अडीच महिने आहेत.

तेव्हा मंडळाकडून एक तारीख मागा. मी पोळा सुचवेन, कारण ती सगळ्यांच्या लक्षात राहते. पोळ्यानंतर या प्रकल्पात नवीन मागणी घ्यायची नाही. जी येईल ती वहीच्या चौथ्या रकान्यात. जमिनीने किंवा पावसाने काही नवीन दाखवलं तरच अपवाद.

ठेकेदाराच्या बिलाबद्दल शेवटचं. संपूर्ण बिल रोखून धरायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाय, तो मानू नका. त्याच्या मजुरांचे पैसे थकले की झरोके आणि ओटा करायला माणूसच येणार नाही. मोजणी होऊन मंजूर झालेल्या रकमेतून झरोके, ओटा आणि उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला जेवढं लागेल तेवढंच मागे ठेवा, बाकी देऊन टाका. करारात सुरक्षा ठेव आणि दोष दुरुस्तीचा काळ लिहिलेला असेल, तर ती ठेव मात्र एक पावसाळा पूर्ण जाईपर्यंत सोडू नका. गोदामाची खरी परीक्षा पाऊसच घेतो.

यंत्राची चाचणी पुरवठादाराच्या गव्हावर करू देऊ नका. सभासदांपैकी कोणाच्या घरी गेल्या हंगामाचं, चाळलेलं नाही असं सोयाबीन असेल तर पस्तीसेक क्विंटल मागून घ्या. ओलावा मोजून लिहा, वजन करा, घड्याळ लावा आणि सलग एक तास यंत्र चालवा. पुरवठादार, तुम्ही आणि दोन संचालक समोर उभे राहा. तासाला किती निघालं, किती माती-काडी वेगळी झाली, किती चांगला दाणा कचऱ्यात गेला, हे तिथेच लिहून चौघांच्या सह्या घ्या. नवीन चाळण्या आल्या की तसंच पुन्हा, त्याच मालातल्या उरलेल्या, न चाळलेल्या पोत्यांवर. अध्यक्ष काकाजींना त्या दिवशी वजनकाट्यापाशी उभं करा. आकडा त्यांनी स्वतः वाचून सांगू दे.